एका घरातली पाच माणसे

अभ्यासाचा भाग : लूककृत शुभवर्तमान, अध्याय १२, वचने १३ ते ५९



या अंकासाठी घेतलेला भाग मी आवडीने निवडलेला नाही. किनवट तालुक्यातल्या एका गोंड शेतकऱ्याने मला एक प्रश्न विचारला. त्याचे उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही, म्हणून हा अभ्यास करावा लागला. पुढे वाचण्याआधी आपापले पवित्र शास्त्र काढा आणि लूकच्या बाराव्या अध्यायात खूण घाला. वचने मी येथे उतरवून देत नाही. तुम्ही ती तुमच्या पुस्तकातूनच वाचा, म्हणजे मी पदरचे काही घातले तर लगेच लक्षात येईल.

प्रश्न असा होता : "गुरुजी, तुमच्या पुस्तकात आमचं घर फोडा असं लिवलंय का?"

विचारणारा माणूस साठीचा. साडेचार एकर कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि तूर. घरात तो, त्याची बायको, लग्नाला आलेली मुलगी, मुलगा आणि वर्षापूर्वी आलेली सून. मुलगा वसतिगृहात राहून बारावीपर्यंत शिकलेला, आणि तीन वर्षांपासून आमच्या प्रार्थनेला येणारा. त्याच्या येण्याला बापाने कधी हरकत घेतली नव्हती. दिवाळीत त्यांच्याकडे दंडारीचे नाच होतात, घुसाडी मोरपिसांचा टोप घालून फिरतात. मुलाने त्या वर्षी नाचात जायला नकार दिला, तेही बापाने सोसले. पण मग पोरगा घरात जेवेना. देवाला दाखवलेले अन्न मी खाणार नाही, म्हणाला. आईने नैवेद्य दाखवायच्या आधीच त्याचे ताट वाढून फडक्याखाली झाकून ठेवले होते. तरी तो उठून गेला. आठ दिवसांनी त्याने बापाकडे हिस्सा मागितला. जमिनीची वाटणी करा, मी चूल वेगळी मांडतो. का रे बाबा, असे बापाने विचारले तेव्हा त्याने वही उघडली आणि लूक १२:५१ ते ५३ वाचून दाखवले.

ती वही त्याने मलाही दाखवली. पानाच्या कोपऱ्यात नांदेडच्या एका युवक शिबिराची तारीख होती आणि वक्ता म्हणून माझे नाव होते. खाली त्याच्या नेटक्या अक्षरात माझेच वाक्य होते : प्रभूसाठी घर तुटले तरी मागे वळून पाहू नका.

मी ते म्हटले होते. मला वीस मिनिटे मिळाली होती. मी तीन वचने वाचली, आवाज चढवला, पोरांनी मोठ्याने आमेन म्हटले आणि मी दुपारच्या गाडीने परत निघालो. त्या तीन वचनांच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, हे मी त्या पोरांना सांगितले नाही. खरे सांगायचे तर मीही तेव्हा ते नीट पाहिले नव्हते.

मुलाचा स्वतःचाही एक प्रश्न होता, आणि तो माझ्या प्रवचनापेक्षा बरा होता. अकराव्या अध्यायाच्या १७ व्या वचनात प्रभू म्हणतो की ज्या राज्यात फूट पडते ते ओसाड होते आणि घर घरावर पडते. मग एकच अध्याय पुढे तोच प्रभू सांगतो की मी शांती देण्यास आलो असे समजू नका, मी फूट घेऊन आलो आहे. दोन्ही खरे कसे?

मी मूळचा लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्याचा. त्यामुळे अकराव्या अध्यायातले वचन मला डोळ्यांनी पाहिल्यासारखे कळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लोक नुकतेच आडवे झाले होते, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आमच्याकडची जुनी घरे दगडामातीची, वर मातीचे जड माळवद. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड, पाहणाऱ्याला गढीसारख्या वाटत. पण त्या आतून एक नव्हत्या. बाहेरचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, आणि मधे माती व गोटे भरलेले. दोन्ही थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा लांब दगड बहुतेक भिंतींत घातलेलाच नव्हता. जमीन हलली तेव्हा दोन्ही थर एकमेकांपासून सुटले, एक बाहेर कोसळला, एक आत, आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आले. हजारो माणसे गेली. पुढे अभियंत्यांनी उरलेल्या घरांच्या भिंतींना आरपार भोके पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरायला शिकवले. भिंतीचे दोन पदर एकमेकांना बांधायचे, एवढेच ते काम. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो आणि असल्या भोकांत काँक्रीट भरायला मजुरीने जात असे.

अकराव्या अध्यायातला प्रसंग पाहा. लोक येशूवर आरोप करतात की हा बालजबूलाच्या साहाय्याने भुते काढतो. त्यावर त्याचे उत्तर असे की सैतान आपल्याच माणसांविरुद्ध लढू लागला तर त्याचे राज्य टिकेल कसे? म्हणजे तेथे फुटीबद्दल उपदेश चाललेला नाही, आरोप खोडून काढणे चालले आहे. ज्या घराच्या आतच फट आहे ते पडते, ही सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट त्याने पुरावा म्हणून वापरली. मग बाराव्या अध्यायातली फूट कोणती?

सेमिनरीत शिकलेले थोडे ग्रीक येथे उपयोगी पडले. लूक १२:५१ मध्ये ज्या शब्दासाठी आपल्या मराठी शास्त्रात फूट हा शब्द आहे, तो मुळात दियामेरिस्मोस असा आहे. त्याचे क्रियापद दियामेरिझो, आणि त्याचा साधा अर्थ वाटणे, हिस्से करणे. मराठीत फूट म्हटले की ती कोणीतरी पाडावी लागते, आणि फूट पाडणारा म्हणजे गावातला कळलाव्या. ग्रीक शब्दाला तो वास नाही. आपल्याकडे त्याच्या जवळचा शब्द वाटणी हा आहे. आणि गंमत अशी की जसे मराठीत घराची वाटणी होते आणि भाकरही वाटली जाते, तसेच लूक हा एकच शब्द दोन्हीकडे वापरतो. ११:१७ मधले विभागलेले राज्य, १२:५२ मधले विभागलेले घर, वधस्तंभाखाली शिपायांनी वाटून घेतलेले कपडे, हे सगळे त्याच क्रियापदाने. आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला घेऊन आपसांत वाटून घ्या असे प्रभू सांगतो (२२:१७), तेही त्याच क्रियापदाने. प्रेषितांची कृत्ये २:४५ मध्ये विश्वासणारे मालमत्ता विकून ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे वाटून देतात, तेथेही तेच. एका शब्दावर फार इमारत रचू नये हे मला कळते. तरी लूकचे शुभवर्तमान पहिल्यापासून वाचणाऱ्याच्या कानावर हा शब्द पुन्हा पुन्हा पडत होता, एवढे ध्यानात ठेवू.

आता बाराव्या अध्यायाचे १३ वे वचन उघडा. मी शिबिरात हे वाचले असते तर बरे झाले असते. गर्दीतला एक माणूस प्रभूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा की त्याने मला वतनाचा हिस्सा द्यावा. आपल्याकडे हे रोजचे आहे. तलाठ्याकडे खेटे, सातबारा, फेरफार, बांधावरची भांडणे. त्या माणसाने एका मोठ्या गुरूला आपल्या बाजूने उभे करण्याचा प्रयत्न केला. प्रभूने काय उत्तर दिले? मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा म्हणून कोणी नेमले? या वाटणी करणाऱ्यासाठी आलेला ग्रीक शब्द मेरिस्तेस, म्हणजे ५१ व्या वचनातल्या शब्दाच्याच कुळातला. त्याच अध्यायात, सदतीस वचने आधी, प्रभूने घराच्या वाटणीत हात घालायला सरळ नकार दिला आहे. त्यानंतर तो लोभाविषयी बोलतो आणि कोठारे मोठी करणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो.

म्हणून जो कोणी ५१ वे वचन घेऊन बापाकडे साडेचार एकरांतला हिस्सा मागतो, त्याने आधी १४ वे वचन ओलांडून दाखवावे. हिस्सा मागणारा मुलगा शुभवर्तमानात आहेच, पण तो पंधराव्या अध्यायात आहे, आणि तो तेथे कोणत्या बाजूला उभा आहे हे शब्बाथ शाळेतल्या लेकरांनाही ठाऊक आहे.

आता ४९ आणि ५० ही वचने. प्रभू म्हणतो की मी पृथ्वीवर अग्नी टाकायला आलो आहे, आणि मला एक बाप्तिस्मा घ्यायचा आहे, तो होईपर्यंत माझी घुसमट चालली आहे. हा बाप्तिस्मा म्हणजे त्याचे दुःखसहन, यात टीकाकारांचे फारसे दुमत नाही. म्हणजे फुटीचे वाक्य बोलणारा माणूस मरायला निघालेला आहे. त्याच्यामुळे जे तुटणार आहे ते आधी त्याच्यावरून जाणार आहे. लूकने हे फार आधीच सांगून ठेवले होते. दुसऱ्या अध्यायात म्हातारा शिमोन बाळाला हातात घेऊन सांगतो की याच्यामुळे इस्राएलात पुष्कळांचे पडणे आणि उठणे होईल, लोक त्याच्याविरुद्ध बोलतील, आणि मरीयेला म्हणतो की तुझ्याही जिवातून तरवार जाईल. तरवार आईच्या जिवातून जाणार होती. मुलाच्या हातात ती कोणी दिली नव्हती. मत्तयाने १०:३४ मध्ये फुटीच्या जागी तरवार हाच शब्द वापरला आहे, आणि तेथे प्रभू बारा शिष्यांना पाठवताना तुमचा छळ होईल, तुम्हाला धरून देतील, असे सांगत असतो. तेथेही तरवारीची मूठ शिष्यांच्या हातात नाही.

मग आलो असे प्रभू का म्हणतो? येथे शास्त्राची बोलण्याची एक पद्धत आहे. जे घडून येणार ते हेतू असल्यासारखे बोलायचे. यशया सहाव्या अध्यायात संदेष्ट्याला सांगितले जाते की जा आणि या लोकांचे मन जड कर. यशया लोकांना बहिरे करायला गेला नव्हता, पण त्याच्या बोलण्याने ते तसे होणार होते. आपणही बोलताना म्हणतो, मी काय तुझा शत्रू व्हायला तुला खरे सांगितले? सांगणाऱ्याचा हेतू वेगळा असतो आणि घडते वेगळे, हे दोघांनाही कळत असते.

५२ आणि ५३ ही वचने मात्र मी कित्येकदा वाचूनही मोजली नव्हती. एका घरातले पाच जण, तिघांविरुद्ध दोघे आणि दोघांविरुद्ध तिघे. जोड्या मांडून पाहा : बाप आणि मुलगा, आई आणि मुलगी, सासू आणि सून. सहा नावे होतात. पण मुलाची आई हीच सुनेची सासू, म्हणून माणसे पाच. एकत्र कुटुंबात वाढलेल्या आपल्या वाचकांना हे समजावून सांगावे लागणार नाही, परदेशी टीकाकारांना मात्र त्यासाठी दोन ओळी खर्च कराव्या लागतात. आणि किनवटच्या त्या घरात मोजून हीच पाच माणसे होती, हे वही मिटल्यावर माझ्या ध्यानात आले.

या जोड्या प्रभूने नव्याने रचलेल्या नाहीत. त्या मीखा ७:६ मधून घेतल्या आहेत. मीखा हा यहूदाच्या सखल भागातल्या मोरेशेथ गावचा संदेष्टा. दुसऱ्या अध्यायात तो शेते बळकावणाऱ्यांवर तुटून पडतो, आणि सातव्यात अधिकारी व न्यायाधीश लाच मागतात, शेजाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही, घरातल्या माणसांजवळही मन मोकळे करता येत नाही, असे रडतो. घर तुटणे हे त्याच्या लेखी देशाला लागलेल्या रोगाचे लक्षण आहे. मीखाच्या यादीत दोष लहानांचा आहे : मुलगा बापाला तुच्छ मानतो, मुलगी आईवर उठते, सून सासूवर. लूकमध्ये प्रत्येक जोडी दोन्ही बाजूंनी सांगितली आहे, बाप मुलाविरुद्ध आणि मुलगा बापाविरुद्ध. कोणाचा दोष मोठा, हे तेथे ठरवलेले नाही. नवराबायकोची जोडी त्यात नाही. आणि मीखा विलाप करून थांबत नाही, सातव्या वचनात तो म्हणतो की मी परमेश्वराची वाट पाहीन.

लूकचे पहिले वाचक कोण होते हे आठवा. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात ही वाटणी आधीच झालेली होती. कोणाला बापाने दारातून परत पाठवले होते, कोणाच्या हातचे पाणी घरचे घेत नव्हते. त्यांना रात्री झोप येत नसणार. देव आपल्या बाजूने असता तर घर असे का तुटले असते? त्यांना हे वचन सांगत होते की तुझ्या हातून काही चुकले म्हणून हे झालेले नाही, प्रभूला हे आधी ठाऊक होते. ज्याला घराने बाहेर ठेवले त्याच्या सांत्वनासाठी लिहिलेले वाक्य मी घरातून निघून जाण्याचा हुकूम म्हणून शिकवले. त्या मुलाला कोणी बाहेर ठेवले नव्हते. त्याचे ताट झाकून ठेवले होते.

कोणी म्हणेल, पण लूक १४:२६ मध्ये आईबापांचा द्वेष करण्याविषयी आहे, त्याचे काय? मत्तय १०:३७ शेजारी ठेवून वाचा. तेथे तीच गोष्ट आईबापांवर माझ्यापेक्षा अधिक प्रीती करणे अशी आली आहे. आणि मार्क ७:९ ते १३ मध्ये, जे देवाच्या नावाने कुर्बान म्हणून पैसा बाजूला काढतात आणि आईबापांना द्यायचे टाळतात, त्यांना प्रभू ज्या शब्दांत झोडपतो, ते वाचल्यावर धर्माच्या नावाने म्हातारा-म्हातारीला सोडणाऱ्याला पळायला वाट उरत नाही. जेवणाच्या ताटाविषयी पौल १ करिंथ १०:२७ मध्ये सांगतो की विश्वास न ठेवणाऱ्याने बोलावले तर पुढ्यात वाढलेले खा, चौकशी करीत बसू नका. पुढचे वचन अपवादाचे आहे, तेही वाचा. मला त्या घरापुरते एवढेच दिसते की आईने चौकशीला जागाच ठेवली नव्हती.

प्रभूच्या स्वतःच्या घरात काय झाले? त्याचे भाऊ त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते (योहान ७:५), घरचे लोक त्याला भ्रम झाला म्हणून धरून न्यायला आले होते (मार्क ३:२१). पण प्रेषितांची कृत्ये १:१४ मध्ये माडीवरच्या प्रार्थनेत त्याची आई आणि भाऊ बसलेले आहेत. त्यांच्यातला याकोब पुढे यरुशलेमेच्या मंडळीचा आधार झाला.

आपल्या महाराष्ट्रात या वचनाची सगळ्यात मोठी साक्ष रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरात घडली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन मागे राहिल्या. घर अक्षरशः वाटले गेले. पुढची काही वर्षे त्यांच्यावर काय गुजरले ते त्यांनी स्मृतिचित्रे या पुस्तकात स्वतः लिहून ठेवले आहे. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध झाले, आणि ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांनी हा लेख ठेवून आधी ते वाचावे. टिळकांचे मोठेपण आपण नेहमी सांगतो. मला मात्र त्या गोष्टीत तीन गोष्टी पाहाव्याशा वाटतात. एक म्हणजे त्या काळात लक्ष्मीबाईंना सांभाळले ते त्यांच्या हिंदू नातेवाइकांनी, हे आपण आपल्या सभांतून क्वचितच बोलतो. दुसरी म्हणजे कायद्याने टिळकांना मोकळे होता आले असते. धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार सोबत राहायला नकार देत असेल तर विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने ठेवली होती. टिळक त्या वाटेने गेले नाहीत. ते पत्रे लिहीत राहिले. आणि तिसरी, लक्ष्मीबाई नगरला आल्या तेव्हा आपले सोवळे, आपले वेगळे पाणी आणि आपला वेगळा स्वयंपाक घेऊन आल्या. टिळकांनी ते चालू दिले. त्यांचे मन आपल्या गतीने वळले आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या हातून त्या वर्षांत चुका झाल्या नाहीत असे मी म्हणत नाही. लक्ष्मीबाईंनीही तसे लिहिलेले नाही, आणि म्हणून ते पुस्तक खरे वाटते. पण वेगळी चूल मांडणारी ती होती, तो नव्हता, आणि त्या चुलीचा त्याने मान ठेवला.

मंडळीतल्या फुटीविषयी एक परिच्छेद लिहितो, कारण हेच ५१ वे वचन तेथेही वापरलेले मी ऐकले आहे. दहा घरांच्या वस्तीवर तीन प्रार्थना-गट, आणि प्रत्येक गट म्हणतो की सत्यासाठी वेगळे व्हावे लागते. करिंथच्या मंडळीतही मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा असे चालले होते, आणि पौलाने त्याला सत्याची फूट म्हटले नाही. ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय, असे विचारले. जोडायला किती वेळ लागतो ते पाहायचे तर २९ नोव्हेंबर १९७० चे उदाहरण आहे. त्या दिवशी नागपूरला सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, आणि त्यामागे चाळीसहून अधिक वर्षांची बोलणी होती. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी त्याच वर्षी, अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिली. तोडायला आमच्या वस्तीवर एक हार्मोनियम पुरला होता.

बाराव्या अध्यायाचा शेवट राहिला. फुटीच्या वचनानंतर लगेच ५४ व्या वचनात प्रभू लोकांना म्हणतो की पश्चिमेकडे ढग दिसला की तुम्ही पाऊस येणार म्हणता, मग ही वेळ तुम्हाला का ओळखता येत नाही? आणि ५७ ते ५९ मध्ये, वाद्याबरोबर न्यायाधीशाकडे निघालास तर वाटेतच त्याच्याशी मिटवून टाक. अध्यायाची मांडणी पाहा. सुरुवातीला वाटणीचे भांडण घेऊन आलेला भाऊ, शेवटी कोर्टाच्या वाटेवर केलेली तडजोड, आणि या दोहोंच्या मधे ती तीन वचने. मी ती मधून कापून काढली होती.

संक्रांतीच्या सुमारास मी पुन्हा त्या गावी गेलो. कापसाची शेवटची वेचणी चालली होती. मुलगा शेतातच होता. आधी मी त्याची क्षमा मागितली आणि त्याच्या वहीतल्या माझ्या वाक्यावर माझ्या हाताने काट मारली. ते त्याला आवडले नाही. वही खराब झाली, म्हणाला. संध्याकाळी घरी गेलो आणि बापाचीही क्षमा मागितली. "बाबा, तुम्ही विचारलं होतं, पुस्तकात घर फोडा असं लिहिलंय का. तसं लिहिलेलं नाही. मी चुकीचं सांगितलं."

"मग काय लिवलंय ते सगळं वाचा," तो म्हणाला.

अंगणात बसून मी १३ व्या वचनापासून पूर्ण अध्याय वाचला. आईला मराठी थोडी कमी कळते, म्हणून मुलगी मधे मधे गोंडीत सांगत होती. ढगाच्या वचनाला बापाने मान हलवली, हा माणूस शेतीतला दिसतो म्हणाला. पाच माणसांचे वचन आले तेव्हा सुनेने सासूकडे पाहिले आणि दोघी हसल्या. मी का हसलात ते विचारले नाही. कोर्टाच्या वाटेवरचे वचन म्हाताऱ्याला सगळ्यात पटले. कोर्टात गेलेल्याचे शेत वकिलाच्या घरी जाते, याची त्याने गावातली दोन उदाहरणे नावानिशी सांगितली.

त्या घरात प्रार्थनेला येणारा अजूनही एकटा मुलगाच आहे. पुढची दिवाळी आली की दंडारीचा प्रश्न पुन्हा येईल, आणि त्यावर बापलेकांचे एकमत होईल असे मला वाटत नाही. वाटणीचा विषय त्या संध्याकाळी कोणी काढला नाही. आईने भाकरी आणि तुरीच्या सोल्यांची आमटी वाढली. मुलगा आमच्या पंगतीत बसून जेवला.

हात धुताना म्हाताऱ्याने मला विचारले, "गुरुजी, तो पहिला माणूस, ज्याला भावाकडून हिस्सा पाहिजे होता. त्याचं पुढं काय झालं?"

लूकने ते लिहिलेले नाही, असे मी सांगितले. मुलगा कंदिलाची वात खाली-वर करीत बसला होता.